वांचविलेलें पाणी जातें कोठें?

शेतींतील पाण्याची बचत हा विषय अलीकडे आमच्या सुशिक्षित समाजांत फार लोकप्रिय झाला आहे. उन्हाळा आला, धरणांतील सांठ्याचे आंकडे वर्तमानपत्रांत झळकूं लागले, कीं दिवाणखान्यांतून या विषयाची चर्चा सुरू होते आणि ती बहुधा एकाच निर्णयावर येऊन थांबते. आमचा शेतकरी अडाणी आहे. पाटाचें पाणी शेतांत सोडून देऊन तो स्वस्थ झोंपी जातो. त्याच्या शेतांत ठिबकाच्या नळ्या अंथरल्या म्हणजे निम्में पाणी वांचेल आणि महाराष्ट्राचा दुष्काळ हटेल, असा तो निर्णय असतो. हा निर्णय ऐकावयास गोड आहे. त्यांत दोष दुसऱ्याचा आहे, उपाय बाजारांत विकत मिळणारा आहे, आणि निर्णय देणाराला स्वतः कांहींच करावें लागत नाहीं. सरकारासहि तो मानवतो. कारण अनुदान वांटणें सोपें आणि पाणी वांटणें अवघड. आमच्या मतें हा निर्णय नुसता अपुरा नाहीं. मूळ प्रश्नावर तो पांघरूण घालतो, म्हणून घातकहि आहे. तो मूळ प्रश्न असा, कीं वांचविलेलें पाणी जातें कोठें, आणि तें कोणाचें?

प्रथम, पाणी वांचतें म्हणजे नेमकें काय होतें हें पाहिलें पाहिजे. शेतांत सोडलेल्या पाण्याला तीन वाटा फुटतात. कांहीं पाणी मुळांवाटे पिकांत चढतें आणि पानांवाटे वाफ होऊन आकाशांत जातें. कांहीं उघड्या जमिनीवरून तसेंच उडून जातें. आणि उरलेलें मुळांच्याहि खालीं मुरून जातें. पहिलें पाणी हा पिकाचा आहार आहे. त्यांत काटकसर करूं जाल तर पीकच घटेल. दुसरें खरोखर वायां जातें, आणि तें ठिबकानें पुष्कळ अंशीं वांचतें यांत शंका नाहीं. परंतु तिसरें पाणी? शेतकऱ्याच्या दृष्टीनें तें गेलें. पण खोऱ्याच्या दृष्टीनें तें गेलेलें नसतें. तें झिरपत झिरपत शेजाऱ्याच्या विहिरीला लागतें, ओढ्याला पाझरतें, खालच्या गांवच्या बायकांच्या घागरींत येतें. 'निम्में पाणी वांचलें' असें जेव्हां म्हटलें जातें, तेव्हां त्या निम्म्यांत दुसऱ्या पाण्याबरोबर हें तिसरें पाणीहि धरलेलें असतें. वरच्या शेतकऱ्याची बचत हा खालच्या विहिरीचा तोटा असूं शकतो, ही गोष्ट जमाखर्चाच्या वहींत कोठें लिहिली जात नाहीं. जेथें काळी जमीन भारी आहे, निचरा नाहीं, आणि मुरलेलें पाणी क्षार वर आणून जमीन चोपण करून टाकतें, तेथें ही तिसरी वाट बंद करणें हितकारकच आहे. सांगली-कोल्हापूरकडील क्षारपड जमिनी त्याची साक्ष देतात. पण एका ठिकाणचें औषध सर्वत्र रामबाण म्हणून विकणें हा वैद्याचा धर्म नव्हे.

आतां यापुढची पायरी पाहा. ज्याच्या विहिरीला दोन एकर उसापुरतें पाणी होतें अशा शेतकऱ्यानें ठिबक बसविलें, आणि त्याचें पाणी उरूं लागलें. तें उरलेलें पाणी तो विहिरींत तसेंच ठेवील काय? कोणासाठीं ठेवील? त्यानें न उपसलेलें पाणी शेजारी उपसणार हें त्याला पक्कें ठाऊक असतें. म्हणून तो तिसऱ्या एकरांत ऊस लावतो. आणि त्यांत त्याचा यत्किंचितहि मूर्खपणा नाहीं. आपल्या पैशाची वाढ करावयाची बुद्धि शहरांतील पेढीवाल्यानें वापरली तर ती दूरदृष्टि, आणि खेड्यांतील शेतकऱ्यानें वापरली तर हांव, असा न्याय आम्ही लावूं इच्छित नाहीं. मात्र परिणाम असा होतो, कीं विहिरीचा उपसा होता तेवढाच राहतो, पानांवाटे आकाशांत जाणारें पाणी दिढीनें वाढतें, आणि मुरून शेजाऱ्याला मिळत होतें तें बंद होतें. सरकारच्या दप्तरीं मात्र दोन एकरांची 'बचत' आणि तिसऱ्या एकराची 'सिंचनवाढ' अशीं दोन पुण्यें जमा होतात.

हा कांहीं नवा शोध नाहीं. इंग्लंडांत विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालीं कोळशासंबंधीं हेंच दाखवून दिलें होतें: वाफेचीं यंत्रें कोळसा बेताबेतानें वापरूं लागलीं तसतसा देशाचा कोळशाचा खप घटला नाहीं, उलट वाढला. पाण्यासंबंधीं तोच विरोधाभास २०१८ सालीं 'सायन्स' या प्रसिद्ध नियतकालिकांत अनेक देशांच्या संशोधकांनीं मिळून मांडला. अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत सरकारी साहाय्यानें सुधारित तुषारसंच बसविल्यावर भूजलाचा उपसा कमी होण्याऐवजीं वाढला, असें तेथील अभ्यासकांस आढळून आलें. कॅन्ससचा शेतकरी अडाणी आहे असें कोणी म्हणणार नाहीं. तेव्हां हा दोष अडाणीपणाचा नव्हे, हें उघड आहे. ज्या वस्तूचा वांटा ठरलेला नाहीं, ती काटकसरीनें कधीं शिल्लक पडत नाहीं. एकाच्या हातून सुटते आणि दुसऱ्याच्या हातीं पडते, एवढेंच.

आतां थोडा हिशेब करूं. ऊस हें वर्ष-दीड वर्ष शेतांत उभें राहणारें पीक; त्याची पाण्याची गरज १५०० ते २५०० मिलिमीटर मानली जाते. मध्यम आंकडा २००० धरला, तर एका हेक्टराला, म्हणजे अडीच एकरांना, दोन कोटी लिटर पाणी लागतें. यांतून पावसाचे ८०० मिलिमीटर वजा केले तरी एक कोटी वीस लाख लिटर वरून द्यावें लागतें. २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहराला पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें न्यावें लागलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. सुमारे साडेतीनशे किलोमीटर धांवून १२ एप्रिल रोजीं पोंचलेल्या त्या पहिल्या गाडींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. सगळ्या देशाचे डोळे त्या गाडीकडे लागले होते. पण अशा चोवीस गाड्यांचें पाणी अडीच एकर ऊस एका हंगामांत पिऊन टाकतो, आणि त्याच हंगामांत मराठवाड्यांतील कारखान्यांनीं ऊस गाळला होता, या गोष्टीकडे पाहावयास फारसे डोळे उरले नाहींत. ठिबकानें या पाण्याचा तिसरा हिस्सा वांचला असें मानलें तरी सोळा गाड्या राहतातच.

राज्यांतील एकूण पेऱ्याच्या शेंकडा पांचांच्या आसपास क्षेत्रावर ऊस उभा असतो आणि सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा वांटा तो घेतो. ज्या सोलापूर जिल्ह्याची पावसाची सरासरी ५५० मिलिमीटरांच्या आसपास, तोच जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येनें राज्यांत आघाडीवर आहे. ज्या काळ्या जमिनींत मालदांडी शाळू नुसत्या ओलीवर पिकत असे, तेथें उजनीचें पाणी आल्याबरोबर ऊस उभा राहिला. २०१७ सालीं राज्याच्या मंत्रिमंडळानें कालव्याच्या पाण्यावरील उसास ठिबक सक्तीचें करण्याचा निर्णय घेतला, तेव्हां तो क्रांतिकारक म्हणून वाखाणला गेला. पण सक्ति नळीची होती. ऊस किती असावा, आणि उरलेलें पाणी कोणास मिळावें, हा त्या निर्णयाचा विषय नव्हता.

वास्तविक हा विषय आमच्याकडे कोणास सुचलाच नाहीं असें नाहीं. दख्खनचे जुने कालवे खोदले गेले ते दुष्काळनिवारणासाठीं. १८७६-७८ च्या भयंकर दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा वाहूं लागला, तो बाजरी-ज्वारीला आधार देण्याकरितां. पण चांगल्या पावसाच्या वर्षीं ज्वारीवाला पाणी घेईना, आणि कालव्याचा खर्च तर निघाला पाहिजे, म्हणून उसाला उत्तेजन मिळालें. पुढें थोड्याच गांवांत पाणी मुरूं लागलें, तेव्हां विसाव्या शतकाच्या आरंभीं विश्वेश्वरय्या यांनीं 'ब्लॉक' पद्धति आंखून दिली. उसाला ठरावीक पट्टेच द्यावेत, त्यांत पिकांचा फेरपालट व्हावा, आणि पाण्याचा लाभ अधिक गांवांस पोंचावा, हें तिचें तत्त्व. त्याच्याहि आधीं, १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत जोतीराव फुले यांनीं दोन मागण्या केल्या होत्या: ताली-बंधारे घालून पावसाचें पाणी शिवारांत मुरवावें, आणि कालव्याच्या पाण्याला तोट्या बसवून प्रत्येकास जरुरीपुरतेंच पाणी मोजून द्यावें. १९७९ सालीं दांडेकर, देऊसकर व देशमुख यांच्या समितीनें बारमाही पिकांऐवजीं आठमाही पाण्याचा पुरस्कार केला, तोहि अधिक शेतकऱ्यांस पाणी पुरावें म्हणून. २००५ सालीं पाणी मोजून देण्याचा कायदाच झाला. आणि तरीहि पुष्कळ कालव्यांवर अद्याप एकरांवरूनच पट्टी आकारली जाते. सुमारे एकशेंचाळीस वर्षांत आम्हीं पाण्याच्या वांटणीवर अहवाल लिहिले, कायदे केले. फक्त वांटणी केली नाहीं.

यांत शेतकऱ्याचा दोष किती? त्याच्यापुढें दोन पिकें ठेवून पाहा. उसाला सरकारनें ठरविलेला दर आहे, तो चौदा दिवसांत चुकता करण्याचें बंधन कारखान्यावर कायद्यानें आहे. गारपिटींत ऊस ज्वारीप्रमाणें भुईसपाट होत नाहीं. आणि तोडणीला माणसें कारखानाच पाठवितो. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावानें घेणारा शोधावा लागतो. राखणीला माणूस पाहिजे, काढणीला मजूर मिळत नाहीं, आणि शहरांत ती भाकरी करणारे हात कमी होत चालले आहेत. अशा स्थितींत ऊस न लावणारा शेतकरी एक तर साधु असला पाहिजे किंवा निरुपाय. सरकारची एकंदर नीति तर अधिकच चमत्कारिक. एका हातानें तें ठिबकाला अनुदान देतें, आणि दुसऱ्या हातानें, २०२४ पासून, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज फुकट देतें. पाणी जपून वापर असें सांगून पंपाची कळ रात्रंदिवस मोकळी सोडणें याला धोरण म्हणावयाचें असेल तर म्हणावें. त्यांत आतां पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें धोरण आलें. कांहीं इथेनॉल धान्यापासूनहि होतें. पण उसाचें भीमा-नीरेचें पाणी आमच्या चहाच्या पेल्यापुरतें राहिलें नाहीं, तें मोटारीच्या टाकींतहि पोंचलें आहे.

मग दुसरी रीत शक्य आहे काय? शक्य आहे, आणि ती महाराष्ट्राच्याच मातींत होऊन गेली आहे. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर शेंकडों वर्षें फडपद्धति नांदली. नदीवर बंधारा, त्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे फड, आणि एका फडांत सर्वांचें एकच पीक. बहुतेकांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. पाणी कमी असलें तर एखादा फड त्या वर्षीं कोरडा ठेवीत. म्हणजे तूट पडे ती सर्वांच्या वांट्याला पडे, एकाच्याच गळ्याशीं येत नसे. पाणी देणारा पाटकरी गांवानें नेमलेला असे. पुढें वरच्या अंगाला धरणें झालीं, विहिरींवर पंप बसले, आणि त्यांतले पुष्कळ फड मोडले.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं विलासराव साळुंखे या इंजिनियरांनीं पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम थोडे पण मूलगामी होते. पाणी जमिनीच्या मानानें नव्हे, तर घरांतील माणसांच्या मानानें मिळावयाचें. माणशीं अर्ध्या एकरापुरतें, आणि कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरतें. ज्याला जमीन नाहीं त्याचाहि पाण्यावर हक्क. जमीन विकली तर तिच्याबरोबर पाणी विकलें जावयाचें नाहीं. आणि ऊस लावावयाचा नाहीं. नगराजवळील हिवरेबाजारांत पोपटराव पवारांच्या पुढाकारानें गांव दरवर्षीं पावसाच्या मापावरून पाण्याचें अंदाजपत्रक मांडतें. आधीं माणसें-जनावरें, मग शेती. शेतीसाठीं विंधनविहीर नाहीं, ऊस-केळी नाहीं. या दोन्ही गांवांत कोणतेंहि अद्भुत यंत्र नव्हतें. होती ती एक वही, आणि त्या वहींतील आंकडा सर्वांनीं मानावयाचा असा निश्चय. आधीं वांटा ठरला, म्हणून काटकसरीला अर्थ आला. आपल्या ठरलेल्या वांट्यांत अधिक पीक निघावें म्हणून मग ज्यानें ठिबक लावलें त्याचें ठिबक खरें. आम्ही ठिबकाच्या विरुद्ध नाहीं. घोड्यापुढें गाडी बांधण्याच्या विरुद्ध आहों.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, कीं स्वतःच्या विहिरींतलें पाणी ही खासगी मालमत्ता. तिच्यावर मर्यादा घालणें ही जुलूमजबरदस्ती. पण विहीर आपली असली तरी तिच्या तळाशीं येणारा झरा शेजाऱ्याच्या बांधाखालूनच येतो. दोनशें फूट खोल विंधनविहीर घेऊन ज्यानें शेजाऱ्याची चाळीस फुटांची विहीर कोरडी पाडली, त्यानें खासगी मालमत्तेचा उपभोग घेतला कीं दुसऱ्याच्या मालमत्तेचा अपहार केला? दुसरा आक्षेप असा, कीं ऊस गेला तर कारखाने, त्यांवरील शाळा, दवाखाने, सहकार हें सगळें कोसळेल. या भीतींत तथ्य आहे. १९५० नंतर सहकारी कारखान्यांनीं खेड्यांत जें उभें केलें तें थोडें नाहीं, आणि म्हणूनच ऊस एका रात्रींत उपटून टाका असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या सहकारानें कांहींजणांच्या शेतांत बारमाही हिरवळ पिकविली, त्यानें त्याच खोऱ्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याला एक पाळी पाणी मिळावें म्हणून काय केलें, हें विचारण्याचा अधिकार त्या कोरडवाहू शेतकऱ्याला आहे. हरभऱ्याला किंवा शाळूला एक-दोन पाळ्या वेळेवर मिळाल्या तर पीक हातीं लागतें, न मिळाल्या तर जातें. एका हेक्टर उसाच्या पाण्यांत अशा कित्येक हेक्टरांचें नशीब बदलेल. तिसरा आक्षेप, कीं असले नियम लहान गांवांत चालतात, मोठ्या कालव्यांवर चालत नाहींत. पण कालवा मोठा असला तरी तो शेवटीं चाऱ्या-पोटचाऱ्यांनीं गांवोगांवच पोंचतो. प्रत्येक गांवाच्या तोंडाशीं पाणी मोजून दिलें, तर आंतली वांटणी गांवानें करण्यास अडचण कोणती? अडचण इतकीच, कीं मापाची पट्टी बसली म्हणजे जो अधिक घेतो तो दिसूं लागतो.

करावयाचें काय, हें यांतून आपोआप निघतें. कालव्याचें पाणी मापानें द्यावें आणि तें माप चावडीवर लिहावें. गांवाच्या भूजलाचा दरवर्षीं ताळेबंद व्हावा आणि त्यांत पिण्याचा वांटा सर्वांआधीं काढून ठेवावा. उरलेल्या पाण्यांत प्रत्येक कुटुंबाचा, भूमिहीनाचाहि, हिस्सा असावा. ठिबकाचें अनुदान अशाच गांवांस द्यावें, जेथें वांचलेल्या पाण्याचा मालक आधीं ठरलेला आहे. आणि ज्वारी, हरभरा, तूर, करडई यांची खरेदी उसाइतकीच निश्चित करावी. शाळेच्या दुपारच्या जेवणांत आणि रेशनच्या दुकानांत गव्हा-तांदळाच्या जोडीला भाकरीचें धान्य असावें. हें शेवटचें केल्यावांचून पहिलें मागणें हा शेतकऱ्यावर अन्याय होईल.

आणि ज्यांच्या हातीं हें मासिक आहे त्यांनीं काय करावें? नळाच्या तोटींतील थेंबाची त्यांची काळजी आम्हांस ठाऊक आहे, ती स्तुत्यहि आहे. पण खडकवासल्याचें पाणी पुण्याच्या नळांत जेवढें अधिक चढतें तेवढें दौंड-इंदापुराच्या पाटांत कमी उतरतें, हें शहरानें कधीं विसरूं नये. शेतकऱ्याच्या पाण्याचें माप मागणाऱ्यानें आपल्या इमारतीच्या पाण्याचें माप आधीं लावून घेतलें पाहिजे. शेतकरी पाणी उधळतो हें वाक्य बोलण्यापूर्वीं आपल्या घरीं आठवड्यांत ज्वारीची भाकरी किती वेळां होते हें आठवावें. आणि पुढच्या उन्हाळ्यांत एखाद्या मंत्र्यानें, कारखानदारानें किंवा संचविक्रेत्यानें अमुक कोटी लिटर पाणी वांचविल्याची घोषणा केली, तर टाळ्या वाजविण्याआधीं त्याला विचारावें, कीं तें पाणी कोणत्या वहींत, कोणाच्या नांवावर जमा आहे. नांव सांगतां आलें तर टाळ्या अवश्य वाजवाव्या. सांगतां आलें नाहीं, तर समजावें कीं तें पाणी वांचलेलें नाहीं. कोण्या एकाच्या उसांत गेलें आहे आणि कोण्या दुसरीच्या घागरींतून गेलें आहे.